तळाची रेती

सत्तरी ओलांडल्यावर माणसानं नवे छंद लावून घेऊ नयेत म्हणतात. मी लावून घेतला. गेल्या उन्हाळ्यात मी अकोल्याहून माशांची एक जुनी काचेची टाकी विकत आणली. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, मासे मला फक्त फळ्यावर काढता येत होते. पण या टाकीनं मला असा एक धडा दिला, जो मी तीस-बत्तीस वर्षं वर्गात उभी राहूनही शिकवला नव्हता. तो लिहून ठेवावा म्हणून आजचा हा लेख.

झालं असं की अकोल्याला माझी आक्का तिच्या मुलाकडे राहते. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला भेटायला गेले होते. भाचा म्हणाला, "मावशी, समोरचे काका घर बदलून पुण्याला चालले मुलाकडे. त्यांची फिशटँक द्यायची आहे. तुम्ही एकट्या असता, घरात जरा हालचाल राहील." हालचाल हा शब्द मला आवडला. बघायला गेले.

टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. लोखंडी स्टँडसकट बाराशे रुपये. आता इतिहासाच्या शिक्षकाला जुनी वस्तू दिसली की तो आधी तिचं वय आणि चालचलणूक तपासतो, किंमत नंतर. मीही तेच केलं. काचेवर वरच्या कडेपासून तीन बोटं खाली एक पांढरी रेघ होती, नखानं खरवडली तरी न निघणारी. मी विचारलं, "काका, बोअरचं पाणी घालत होता का?" काका चकित. म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

कळायला काय झालं! खारपाणपट्ट्यात वाढलेल्या मुलीला ती रेघ ओळखता येणार नाही तर कुणाला? आमच्या घरच्या माठावर, रांजणावर, चुलीवरच्या गंजावर तीच रेघ असायची. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ती रेघ म्हणजे त्या घराच्या पाण्याचा दस्तऐवजच.

जुनी टाकी घेताना काय बघावं, हे नंतर चार लोकांना विचारून मला कळलं ते इथेच सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. चारही कोपऱ्यांतला सिलिकॉनचा थर बोटानं दाबून बघावा. तो पिवळा पडून सुटत असेल तर टाकी घेऊ नये, किंवा पुन्हा चिकटवून घ्यावी. काचेच्या कडेला टवका गेलेला असेल तर पाण्याच्या दाबानं तिथूनच तडा जातो. घरी आणल्यावर अंगणात सपाट जागी ठेवून काठोकाठ भरावी आणि एक अख्खा दिवस तशीच ठेवावी, खाली वर्तमानपत्र अंथरून. कागद कोरडा राहिला की टाकी पास! खाली थर्माकोलचा ताव घालावा, म्हणजे स्टँडचा उंचसखलपणा काचेला बोचत नाही. वजनाचा अंदाज आधी करावा. माझ्या टाकीत १०० लिटर पाणी मावतं, म्हणजे शंभर किलो ते, वीस किलो रेती, शिवाय काचेचं आणि स्टँडचं वजन. तीन माणसं उभी आहेत असं समजा.

ही नुसती काच काचेला चिकटवून केलेली टाकीही तशी अलीकडचीच. सिलिकॉन आलं ते १९६०च्या दशकात. त्याआधी लोखंडी चौकटीत पुटीनं काचा बसवत. अमरावतीला कॉलेजात असताना एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी तशी टाकी पाहिली होती. चौकट गंजलेली, पाणी हिरवं आणि आत एकच सोनेरी मासा. पेशंटपेक्षा तोच जास्त आजारी वाटायचा.

तर सौदा झाला. काकांनी टाकीसोबत एक बादली पुढे केली. तिच्यात काळसर, ओली, जरा वास मारणारी रेती होती. म्हणाले, "ही पण घेऊन जा. टाकीच्या तळाची आहे, आठ वर्षांची." माझ्या कपाळावर आठी. आक्का बाजूला काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, "घेऊन जाय वं. जुनी रेती हाय, चांगली असते."

मी घेऊन आले, पण आक्काचं ऐकलं नाही. अमरावतीला घरी आल्यावर ती रेती मी नळाखाली धू-धू धुतली. दहा पाण्यांनी. मग गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस वाळत घातली. काचेवरची रेघ पांढऱ्या व्हिनेगरनं घासून काढली. टाकी अशी लखलखीत केली की शाळातपासणीला साहेब येणार असावेत. रेतीवर शोभेला बाजारातून आणलेले संगमरवराचे पांढरे खडे पसरले, नळाचं पाणी एक रात्र ठेवून भरलं आणि दुसऱ्याच दिवशी दहा मासे आणून सोडले. सहा गप्पी आणि चार दुसरे, लाल कल्ल्यांचे.

आठ दिवसांत सात मेले.

पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. मला तेच कळेना. इतक्या स्वच्छ पाण्यात मासे मरतातच कसे? रोज सकाळी एक-दोन पोटं वर. जाळीनं काढून बागेत मोगऱ्याखाली पुरायची. हसू नका, पण चौथ्या दिवशी मला रडू आलं. आपण हौसेनं आणलेला जीव आपल्याच स्वच्छतेनं मरतो आहे, एवढं तरी मला तेव्हा कुठे माहीत होतं!

मग मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळले. कुठलीही गोष्ट कळेना की तिची सुरुवात कुठे झाली ते शोधायचं, ही आमची जुनी खोड.

काचेच्या टाकीत जलचर ठेवून त्यांना जगवण्याचं शास्त्र बसलं ते १९व्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमध्ये. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५५ लिटरच्या टाकीत त्यानं दोन सोनेरी मासे सोडले, सोबत व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. पानं कुजून पाणी बिघडायला लागलं तेव्हा ती खायला गोगलगायी सोडल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, गोगलगाय कचरा खाते, असा हा संसार. त्याच्या टाकीच्या तळाशी रेती आणि चिखल होता. पण लोकांचं लक्ष गेलं ते पानांवर आणि प्राणवायूवर. तळाची रेती म्हणजे रोप रोवायची सोय, एवढंच तिचं मोल धरलं गेलं.

पुढे लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, मे १८५३ मध्ये. त्याच मे महिन्याच्या २१ तारखेला निजामानं कंपनी सरकारशी तह केला आणि आपला वऱ्हाड फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मुलांना सन पाठ व्हावा म्हणून मी वर्गात असल्या जोड्या लावायची. ही जोडी तेव्हा मला माहीत असती तर वऱ्हाडचा तह एकही पोरगं विसरलं नसतं!

फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकानं १८५४ साली 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक काढलं आणि इंग्लंडात घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. लोक टोपल्या घेऊन समुद्रकाठी जाऊ लागले. याच गॉसच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ साली वडिलांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं खंत केली आहे की या हौसेपायी खडकांमधली ती सुंदर कुंडं ओरबाडून रिकामी झाली. ज्यानं लोकांना पाण्याच्या तळाकडे बघायला शिकवलं, त्याच्याच वाचकांनी तळ साफ केला. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. का ते पुढे येईलच.

मासे का मेले, याचं उत्तर मात्र मत्स्यालयाच्या इतिहासात नव्हतं. ते सापडलं सांडपाण्याच्या इतिहासात! १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी मीटरभर लांबीच्या काचेच्या नळीत रेती आणि खडूची भुकटी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. वीसेक दिवस काहीच झालं नाही. मग नळीच्या खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की हे काम थांबे. म्हणजे काम करणारी रेती नव्हती, तिच्या कणांवर बसलेलं काहीतरी जिवंत होतं. पुढे १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. रेतीवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. नायट्रेट थोडं वनस्पती घेतात, थोडं आपण आठवड्याला पाणी बदलून काढतो. काकांच्या बादलीतल्या त्या वास मारणाऱ्या रेतीवर आठ वर्षांची ही अख्खी वस्ती बसलेली होती. मी ती क्लोरीनच्या नळाखाली धुतली आणि वर उन्हात भाजली. पाणी स्वच्छ दिसत होतं, कारण अमोनियाला रंग नसतो.

आक्काला फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "धुतलं कायले वं? नवा झिरा खांदला का त्याले जिरू द्या लागते, हे तुले ठाऊक नाही? तूच तर वाटी घेऊन बसत होती."

आणि मला लहानपणची नदी दिसली.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. नदी चंद्रभागा. पंढरपूरची नव्हे, मेळघाटाच्या डोंगरातून उतरून पुढे पूर्णेला मिळणारी आमची वऱ्हाडी चंद्रभागा. गावात विहिरी होत्या, पण पाणी असं की डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. याला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली पूर्णाकाठची नऊशेच्या आसपास गावं यात येतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधली जमीन खचून झालेला लांबच लांब खड्डा, पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी गाळानं भरलेला. काळी चिकण माती, निचरा अगदी मंद, पावसापेक्षा उन्हानं उडणारं पाणी जास्त. मग क्षार जातील कुठे? तिथेच राहतात. वर कपाशी आणि हरभरा येतो, खाली पाणी खारं. हे पाणी ओलिताला दिलं तर जमीनच बिघडते, दगडासारखी होते. विहीर भरलेली असून तहान भागत नाही, असा हा मुलूख. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडच्या कितीतरी विहिरींनी ही दुसरी रेघही कधीच ओलांडलेली होती.

या खारेपणाला इतिहासात मानाची जागा मात्र आहे बरं का. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडात प्रश्न पडला, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? समुद्र नव्हता, पण खाऱ्या विहिरी होत्या. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला त्या एप्रिल महिन्यात वऱ्हाडातले कार्यकर्ते जमले आणि विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला. हा पाठ मी दरवर्षी रंगवून शिकवला. पण ज्या पाण्यानं सत्याग्रह झाला, तेच पाणी त्या गावातल्या बाया रोज ओढत होत्या आणि पिण्याचं कुठून आणत होत्या, हा प्रश्न मी मुलांना कधी विचारला नाही. मलाही तो सुचला नाही. पुस्तकात नव्हता ना!

आमच्या घरी त्याचं उत्तर आक्का होती. चौथी पास झाली आणि तिची शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही, सुटली. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक अशा तीन खेपा नदीला. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ठीक, पण फाल्गुनानंतर नदी आटे. मग आक्का रेतीत हातानं झिरा खांदायची. कमरेइतका खोल खड्डा. पाणी आधी गढूळ येई. ते उपसून फेकायचं, पुन्हा येऊ द्यायचं, पुन्हा फेकायचं. मग झिरा तसाच सोडून घरी यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावं तर तळाशी वीतभर नितळ पाणी. वाटीनं हलकेच उचलून हंड्यात. मी पाच-सहा वर्षांची, माझं काम वाटी धरायचं. तळ ढवळला तर आक्का पाठीत धपाटा घालायची. "तळाले हात लावू नको, पानी नाराज होते."

विहीर खारी, पण पाऊणशे पावलांवरचा झिरा गोड. तेव्हा ती मला देवाची करणी वाटायची. आज कळतं की विहिरीचं पाणी त्या चिकण गाळात वर्षानुवर्षं कोंडलेलं होतं आणि झिऱ्याचं पाणी डोंगरातून येऊन रेतीतून वाहत होतं. गावही तेच, ऊनही तेच. फरक तळाचा होता.

मी पुढे शिकले. दर्यापूरला मॅट्रिक, अमरावतीला बी.ए. त्या काळी आम्ही नागपूर विद्यापीठात होतो. मी कॉलेजात फ्रेंच राज्यक्रांतीच्या नोट्स काढत होते तेव्हा आक्का सासरी, दुसऱ्या एका खाऱ्या गावात, दुसऱ्या एका नदीत झिरा खांदत होती. पुढे सातपुड्यातल्या शहानूर आणि वान या धरणांवरून नळयोजना झाल्या, गावांना गोड पाणी मिळू लागलं. ते कधी येतं, किती दिवसांनी येतं, हा वेगळा विषय आहे. पण आलं. तोवर आक्काचे केस पांढरे झाले होते.

आता टाकीकडे येते. दुसऱ्यांदा मांडायची ठरवल्यावर पहिला प्रश्न, तळाला काय घालावं?

दुकानात तीन-चार प्रकार मिळतात. एक, रंगीत खडे. दिसायला छान, पण स्वस्तातल्यांचा रंग सुटतो, आणि मोठे असले की अन्न फटीत जाऊन सडतं. दोन, संगमरवराचे किंवा शिंपल्यांचे पांढरे तुकडे. हे चुन्याचे. हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. तीन, काळी बारीक गिट्टी, आपल्या बेसॉल्टची. पाण्यात काही सोडत नाही, पण धारदार कडांची असली तर तळाशी तोंड खुपसून चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. चार, नदीची रेती, गोल कणांची, एक ते तीन मिलिमीटरची. पिठासारखी बारीक नको, ती दाबून बसते, आतली हवा जाते आणि काळे दुर्गंधी पट्टे पडतात.

माझे संगमरवरी खडे मी कपात घालून त्यावर व्हिनेगर ओतलं. फसफसून बुडबुडे आले. ज्या पांढऱ्या रेघेचा मला जन्मभर राग, तिचंच बी मी माझ्या हातानं टाकीत पेरलं होतं! खडे कुंडीत गेले. तुम्हीही कुठलाही दगड टाकीत घालण्याआधी ही परीक्षा करा. आपल्या पूर्णाकाठच्या रेतीतसुद्धा चुनखडीचे बारीक पांढरे खडे असतात, ते वेचून काढावे लागतात.

मग मनात आलं, आपल्याच नदीची रेती का आणू नये? जूनच्या पहिल्या आठवड्यात भाच्यानं आक्काला आणि मला गाडीनं गावी नेलं. आम्ही पुलाजवळ उतरून पात्रात गेलो. आक्का काठी टेकत चालली होती. थोडी पुढे जाऊन ती थांबली आणि काठीनं जमीन टोकरू लागली. माती. पुढे खड्डा, ट्रॅक्टरच्या चाकांचे चर, पुन्हा माती. जिथे आमचा झिरा असायचा तिथे चिकण मातीचं उघडं पोट पडलेलं. रेती गेली होती. कुठे गेली म्हणून कुणाला विचारू? गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण जेवढी घरं बांधली, त्यांच्या स्लॅबमध्ये गेली. माझ्या अमरावतीच्या घरातही कुठल्यातरी नदीचा तळ आहेच. म्हणून बोट दाखवताना माझंच बोट मला जड झालं.

आक्का एवढंच म्हणाली, "आता कोनी झिरा खांदला तर पानी कुठून पाझरन?"

मी एक चिमूटही रेती आणली नाही. परवान्याशिवाय नदीची रेती नेणं कायद्यानंही चुकीचंच, पण खरं सांगायचं तर उचलायला हातच झाला नाही. मला एडमंड गॉसची ती रिकामी झालेली कुंडं आठवत होती.

शेवटी आमच्या गल्लीतल्या एका बांधकामावर उरलेली चार घमेली रेती मागून आणली. ती मात्र धुवायचीच होती, सिमेंटचा अंश नको म्हणून. चाळून, चुनखडे वेचून, सात-आठ पाण्यांनी धुतली. हिशेब सोपा आहे. ३ फूट बाय १ फूट तळावर दोन इंचांचा थर म्हणजे साधारण १४ लिटर, वजनात वीस किलो. मागे जरा उंच, पुढे उतार, म्हणजे कचरा पुढे येतो आणि काढता येतो. मग एका दुकानदाराकडून त्याच्या चालू टाकीतली ओंजळभर रेती मागितली. तो म्हणाला, "मॅडम, हा तर मळ आहे." म्हटलं, "तोच पाहिजे." ती न धुता, वाटेत वाळू न देता, आमच्या रेतीवर पसरली. दह्याला विरजण लावतात तसं. वाचलेले तीन गप्पी तेवढे ठेवले आणि नवीन मासे आणायचे नाहीत असं ठरवून वाट बघत बसले. पाणी बदलायचं ते क्लोरीन उडालेलं, थोडं थोडं.

पाणी पहिले दिवस धुरकट झालं. पूर्वीची मी असते तर सगळं उपसून टाकलं असतं. या वेळी हात मागे बांधून बसले. श्लोझिंगच्या नळीला वीस दिवस लागले होते, मला सव्वा महिना लागला. मग एका सकाळी पाणी आपोआप नितळ झालं. त्यानंतर दर पंधरवड्याला दोन-दोन असे मासे वाढवले. एकही मेला नाही.

गप्पीच का, असं विचाराल. आपल्याकडे भिंतीभिंतीवर 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' लिहिलेलं असायचं. हिवतापाच्या मोहिमेत हे मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून टाक्यांत, डबक्यांत सोडत. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, पण जड आणि थोडं खारट पाणीही सोसणारे. म्हटलं, खारपाणपट्ट्यातल्या बाईला हाच मासा शोभेल.

दिवाळीला आक्का आली. टाकीपुढे खुर्ची ओढून तासभर बसली. त्या दिवशी पाणी बदलायचा वार होता. मी नळीनं वीस लिटर काढून तुळशीला आणि मोगऱ्याला घातलं, तेवढंच ताजं भरलं. आक्का बघत होती. मग तिनं विचारलं, "यात किती हंडे पानी मावते?"

मी मनात भाग दिला. "सात-आठ."

"म्हंजे माह्या दोन-अडीच दिवसाच्या खेपा," ती म्हणाली. रागानं नाही, कौतुकानंही नाही. हिशेब केल्यासारखं. मला पुढे काही बोलता आलं नाही. आम्हा दोघींपैकी एकीच्या डोक्यावर हंडा होता म्हणून दुसरीच्या हातात पुस्तक आलं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हंड्यांत मोजून ते कुणी माझ्यापुढे ठेवलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनंच विषय बदलला. काचेला नाक लावून तळाकडे बघत म्हणाली, "रेती चांगली बसली. आता हात नको लावू."

नाही लावत. वर्गात मी मुलांना राजांच्या, तहांच्या, लढायांच्या तारखा सांगितल्या. ते सगळं वरचं पाणी. ते दिसतं, चमकतं, परीक्षेत येतं. ते पाणी गोड राहिलं की खारं झालं हे ज्यावर ठरत होतं, तो तळ माझ्या घरातच होता, चौथी पास. असो. पुढच्या वेळी आक्का आली की तिच्याकडून पूर्णाकाठच्या झिऱ्यांची गावं लिहून घ्यायची आहेत. कुठल्या गावाला कुठल्या वळणावर गोड पाणी लागायचं, ते तिला अजून पाठ आहे. तुमच्या घरी कुणी आठवणारं असेल तर तुम्हीही विचारून ठेवा. आमच्या नदीतली रेती तर गेलीच, निदान तिचा पत्ता तरी राहील.